‘हा तो नव्हेच!’ : जपानी चित्रकथांची हॉलिवुड रूपांतरे आणि चाहत्यांचा रोष

२०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. ‘डेथ नोट’ या जपानी चित्रकथेवर अमेरिकेत चित्रपट तयार झाला असून तो आता घरबसल्या पाहता येणार आहे, ही वार्ता कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने कित्येक आठवडे आधीपासून घरात सांगून ठेवली होती. मूळ कथेचे बाराही खंड तिने मैत्रिणींकडून आणून वाचले होते. तो दिवस आला. संध्याकाळची रोझरी आटोपल्यावर आम्ही दोघे पडद्यासमोर बसलो. अर्धा तास झाला असेल-नसेल, तिने चित्रपट बंद केला. “पप्पा, हा लाइट नव्हेच,” एवढेच म्हणून ती आत निघून गेली. जेवतानाही ती गप्प होती.

मला प्रथम हसू आले. चित्रातल्या एका मुलाचे काम कुणा अमेरिकन नटाला साधले नाही, म्हणून आपल्याकडच्या एका मुलीची जेवणावरची वासना उडावी, हा प्रकार मला पोरकटपणाचा वाटला. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आदल्याच वर्षीचा माझा अनुभव आठवला आणि माझे हसू ओसरले.

१९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘द जंगल बुक’ ही मालिका लागत असे, ती वाचकांना आठवत असेल. मिस्सा संपताच मुले देवळाच्या आवारात न रेंगाळता घराकडे धाव घेत. माझी धाकटी भावंडे त्यांत असत आणि वयाने मोठा असूनही मी त्यांच्या मागोमाग असे. ती मालिका जपानमध्ये १९८९ साली तयार झाली होती, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हते. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांचे संगीत यांमुळे तो मोगली आम्हांला आपल्याच रानातला वाटे. पुढे २०१६ साली हॉलिवुडचा ‘द जंगल बुक’ हा भव्य चित्रपट आला, तेव्हा आपल्याकडील प्रसिद्धीसाठी तेच जुने गाणे नव्याने तयार करण्यात आले. निर्मात्यांना ठाऊक होते, की या देशातील एका पिढीच्या मनात किप्लिंगच्या पुस्तकातील मोगली नसून जपानी चित्रकारांनी रेखाटलेला मोगली घर करून बसला आहे. त्या चित्रपटातील वाघ-अस्वले अगदी खरीखुरी वाटत होती. तरीही मी चित्रपटगृहातून बाहेर पडलो तो काहीसा खट्टू होऊनच. माझ्या मनाने तेच म्हटले होते, जे वर्षभराने माझी मुलगी म्हणाली.

या लेखाचा विषय हे दुःख आहे. जपानी चित्रकथा आणि चलच्चित्रे यांच्यावरून हॉलिवुडने हाडामांसाची नटमंडळी घेऊन चित्रपट व मालिका काढल्या, की मूळ कृतीचे चाहते बहुधा संतापतात. क्वचित ते डोक्यावरही घेतात. हा संताप केवळ हट्टाचा असतो, की त्यामागे काही वाङ्मयीन विवेक असतो, हे तपासून पाहावे, असे मला वाटते. ज्या घरांत वाढती मुले आहेत, त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्या जेवणाच्या टेबलावर येणारच आहे.

सहवासातून जडलेली माया

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करणे इष्ट ठरेल. ‘मांगा’ म्हणजे छापील चित्रकथा. जपानमध्ये ती साप्ताहिकांतून व मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध होते आणि उजवीकडून डावीकडे वाचली जाते. ‘ॲनिमे’ म्हणजे रेखाटनांचे चलच्चित्र, मग ते दूरचित्रवाणीवरील मालिकेचे असो वा चित्रपटाचे. आपल्या घरांतील मुलांना ‘डोरेमॉन’ आणि ‘शिन-चान’ यांच्यामुळे या प्रकाराची ओळख आहेच. तथापि हे वाङ्मय केवळ बालकांसाठी असते, हा आपला समज मात्र चुकीचा आहे. त्यात मृत्यू, अपराध, युद्ध, एकाकीपणा हे विषय प्रौढ गांभीर्याने हाताळलेले आढळतात.

क्रमशः प्रसिद्धी ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही कथा १९८४ ते १९९५ अशी अकरा वर्षे चालली. एइचिरो ओदा यांनी ‘वन पीस’ १९९७ साली सुरू केली आणि तिच्या शंभरांहून अधिक खंडांतून ती एका पिढीबरोबर वाढत आली. दहा वर्षांच्या मुलाने हाती घेतलेली कथा तो स्वतः बाप झाला तरी त्याच्या सोबतीला असते. दोन तासांच्या चित्रपटाशी आपले जे नाते जडते, त्याहून हे नाते फार निराळे आहे. त्याला सहवास म्हणावे लागेल. अशा सोबत्याचे नाव घेऊन कुणी परका उंबरठ्यावर उभा राहिला, तर घरचे माणूस त्याला निरखून पाहणारच.

प्रेमावाचून हाती घेतलेले काम

या निरखून पाहण्यात साफ अनुत्तीर्ण ठरलेला चित्रपट म्हणजे २००९ साली आलेला ‘ड्रॅगनबॉल इव्हॉल्यूशन’. तोरियामांचा नायक गोकू हा डोंगरात वाढलेला, शेपूट असलेला, जगाचे छक्केपंजे ठाऊक नसलेला मुलगा. चीनच्या जुन्या कथेतील वानरराजाची छाया त्याच्यावर आहे. त्याचा निरागसपणा हेच त्याचे सामर्थ्य होय. अमेरिकन चित्रपटात त्याचे रूपांतर शाळेत इतर मुलांकडून छळल्या जाणाऱ्या, एका मुलीवर मन जडलेल्या विद्यार्थ्यात झाले. अशा विद्यार्थ्याची कथा हॉलिवुडने पूर्वी शंभरदा सांगितलेली होती. त्या सांगाड्यावर गोकूचे नाव तेवढे चिकटवले गेले.

चाहत्यांचा क्षोभ एवढा मोठा होता, की त्याचे पडसाद वर्षानुवर्षे उमटत राहिले. २०१३ साली स्वतः तोरियामांनी सांगितले, की पटकथेत मूळ जगाचे भान नव्हते, आपण बदल सुचवले, परंतु ते ऐकून घेतले गेले नाहीत. पुढे २०१६ साली पटकथाकार बेन रॅम्सी यांनी चाहत्यांची जाहीर क्षमा मागितली. मोठ्या मोबदल्याच्या ओढीने आपण हे काम घेतले, कथेचा चाहता म्हणून न घेता एक व्यवहार म्हणून घेतले, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आपल्या धंद्यात असा कबुलीजबाब देणारे लेखक विरळाच आढळतात. मला तो चित्रपटापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. चाहत्यांना पडदा पाहून जे जाणवले होते, ते लेखणी धरणाऱ्यानेच खरे ठरवले. कामामागे माया आहे की नाही, हे प्रेक्षकाला कळते.

देह आणि आत्मा

यापेक्षा गुंतागुंतीचे प्रकरण ‘घोस्ट इन द शेल’चे आहे. मासामुने शिरो यांची ही चित्रकथा १९८९ साली सुरू झाली आणि १९९५ साली मामोरू ओशी यांनी तिच्यावरून केलेले चलच्चित्र जगभर गाजले. कथेतील भविष्यकाळात माणसाचे अवयव यंत्रांनी बदलता येतात. नायिका मेजर मोतोको कुसानागी हिचा देह पूर्णपणे कृत्रिम आहे. तिचे म्हणून काही उरले असेल तर ते त्या कवचातले चैतन्य, ज्याला कथेत ‘घोस्ट’ म्हटले आहे. आपण त्याला आत्मा म्हणू. ते चैतन्य तरी खरोखर आपले आहे, की तेही कुणी घडवलेले आहे, हा प्रश्न तिला छळतो. ओशींच्या चित्रपटात ती शहराच्या कालव्यांतून नावेने जात असता हुबेहूब आपल्यासारखा चेहरा असलेली दुसरी स्त्री तिला खिडकीत दिसते. त्या प्रसंगात संवाद नाहीत, आहे तो पाऊस आणि संगीत. तरीही तो पाहणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो.

या कथेच्या हॉलिवुड रूपांतरासाठी २०१५ च्या आरंभी स्कार्लेट जोहान्सन या गौरवर्णीय अभिनेत्रीची निवड जाहीर झाली आणि वादळ उठले. निवड बदलावी या मागणीच्या अर्जावर एक लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. रुपर्ट सँडर्स यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१७ साली आला, तेव्हाही हा वाद शमला नव्हता.

येथे दोन बाजू नीट ऐकून घेण्यासारख्या आहेत. ओशींनी स्वतः या निवडीला आक्षेप घेतला नाही. नायिकेचा देहच मुळी उसना आहे, तेव्हा तो जपानीच दिसला पाहिजे असे म्हणण्याला आधार कोणता, असा त्यांचा युक्तिवाद होता. जपानमधील अनेक प्रेक्षकांनाही यात अपमान वाटला नाही. याउलट अमेरिकेत राहणाऱ्या आशियाई वंशाच्या लोकांना ही गोष्ट फार लागली. हा विरोधाभास वरवरचा आहे. जपानी माणसाला आपल्या देशात रोज संध्याकाळी पडद्यावर आपल्यासारखे चेहरे दिसतात. एक चेहरा परका दिसला, तर त्याचे काही हरवत नाही. अमेरिकेतील आशियाई मुलीला मात्र असा चेहरा वर्षाकाठी एखादे वेळी पाहायला मिळत असे. जी एक नायिका तिच्या वाट्याला येऊ शकली असती, तीही दुसऱ्या कुणाकडे गेली. एकाच चित्रपटावर दोन समुदाय निरनिराळे बोलत होते, कारण त्यांची वंचना निरनिराळी होती. चाहता ही काही एकजिनसी जात नव्हे, हे समीक्षकाने येथे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट चित्रपट पाहिल्यावरच लक्षात येते. कथेच्या उत्तरार्धात मेजरला कळते, की आपण मूळच्या जपानी मुलगी होतो आणि एका कंपनीने आपला मेंदू काढून या गोऱ्या देहात बसवला. काओरी मोमोई या जपानी अभिनेत्रीने तिच्या आईची भूमिका केली आहे. घर सोडून गेलेल्या लेकीची वाट पाहणारी ही म्हातारी समोर बसलेल्या परक्या तरुणीला चहा देते आणि तिच्या नजरेत काहीतरी ओळखीचे शोधते. तो प्रसंग हृदयस्पर्शी झाला आहे, परंतु तोच चित्रपटाविरुद्ध साक्षही देतो. जपानी जीव उचलून परक्या देहात घालणाऱ्या कंपनीची ही कथा सांगताना आपणही नेमके तेच करत आहोत, याची जाणीव निर्मात्यांना झालेली दिसत नाही.

तथापि माझ्या मते या रूपांतराची खरी उणीव चेहऱ्याच्याही पलीकडची आहे. मूळ कथेत ‘मी म्हणजे कोण?’ हा प्रश्न होता. नव्या चित्रपटात त्याच्या जागी ‘माझे हे असे कुणी केले?’ हा प्रश्न आला. पहिल्या प्रश्नाला सहजासहजी उत्तर नाही. माणूस तो आयुष्यभर वागवतो. दुसऱ्याचे उत्तर एक खलनायक दाखवला की संपते. देहाचा वाद एवढा गाजला, की आत्मा कुठे हरवला याची चौकशी त्यामानाने कमी झाली.

हरवलेला प्रश्न

आता माझ्या मुलीच्या तक्रारीकडे वळू. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी चितारलेली ‘डेथ नोट’ ही कथा २००३ ते २००६ या काळात प्रसिद्ध झाली. लाइट यागामी हा अत्यंत हुशार, सालस, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. मृत्युदेवतेची एक वही त्याच्या हाती लागते. चेहरा डोळ्यांसमोर आणून त्या वहीत ज्याचे नाव लिहावे, तो मरतो. लाइट ठरवतो, की गुन्हेगारांचा नायनाट करून आपण जग स्वच्छ करायचे आणि त्या नव्या जगाचे देव व्हायचे. मृत्युदेवता प्रत्यक्ष समोर उभी राहते, तेव्हा तो क्षणभर दचकतो, पण लगेच सावरून तिच्याशी शांतपणे बोलू लागतो.

या कथेचे भय कशात आहे? लाइट सुरुवातीला आपल्याला पटतो, यात आहे. दुष्टांना शासन व्हावे असे कुणाला वाटत नाही? वाचक त्याच्या बाजूने कधी झुकतो, हे त्याचे त्यालाच उमगत नाही, आणि मग निरपराध माणसे मरू लागतात तेव्हा तो स्वतःलाच दचकतो. पाप सद्गुणाचा अंगरखा घालून येते, आणि सर्वांत मोठा धोका स्वतःच्या निर्दोषपणाची खात्री असलेल्या माणसाकडून असतो, हे आपण उपदेशांतून अनेकदा ऐकलेले आहे. ही कथा ते वाचकाला अनुभवायला लावते.

ॲडम विंगार्ड यांच्या चित्रपटात कथा सिॲटल शहरात येते, लाइट यागामीचा लाइट टर्नर होतो. हा बदल मला आक्षेपार्ह वाटत नाही. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, तेव्हा गाव बदलले, नावे बदलली, परंतु संशयाने पोखरलेला नवरा तसाच राहिला. म्हणून मराठी प्रेक्षकाने ते नाटक आपले मानले. येथे मात्र माणूसच बदलला. हा लाइट मृत्युदेवता पाहून किंचाळतो, सैरावैरा पळतो. त्याच्या आईचा बळी एका गुन्हेगाराने घेतलेला आहे, म्हणजे त्याच्या कृत्याला सुडाचे कारण मिळाले. पुढील हत्यांना त्याची मैत्रीण त्याला प्रवृत्त करते. परिणामी तो अहंकाराने आंधळा झालेला न वाटता परिस्थितीने ओढला गेलेला वाटतो. त्याची कीव येते, त्याची भीती वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला नीट विचारले, तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, हा घाबरतो. तो घाबरत नव्हता, म्हणून तर त्याची भीती वाटायची.” मी अनेक वर्षे पुस्तकांची परीक्षणे लिहीत आलो आहे. परंतु त्या चित्रपटातील वैगुण्य याहून थोडक्यात मला सांगता आले नसते.

हा दोष केवळ हॉलिवुडचा आहे, असे मात्र समजू नये. याच कथेवरून जपानमध्ये २००६ साली निघालेले चित्रपट लोकप्रिय झाले, तर ‘अटॅक ऑन टायटन’वरून तेथेच २०१५ साली निघालेल्या चित्रपटांवर जपानी चाहत्यांनी सडकून टीका केली. तेव्हा पूर्व विरुद्ध पश्चिम असा हा सरळ सामना नाही.

वेष तोच, वस्ती नाही

बाह्य साम्य साधले की रूपांतर साधते, असाही एक समज आहे. शिनइचिरो वातानाबे यांच्या १९९८ सालच्या ‘काउबॉय बीबॉप’ या सव्वीस भागांच्या मालिकेवरून नेटफ्लिक्सने २०२१ च्या नोव्हेंबरात दहा भागांची मालिका आणली. वेषभूषा तीच, यान तेच, एवढेच काय, संगीतही मूळ संगीतकार योको कान्नो यांचेच. नायकाच्या भूमिकेत जॉन चो हा आशियाई वंशाचा गुणी नट. तरीही मालिका प्रदर्शित झाल्यापासून अवघ्या तीन आठवड्यांत ती पुढे न चालवण्याचा निर्णय जाहीर झाला. वातानाबे यांनी नंतर सांगितले, की पाहण्यासाठी आपल्याकडे पाठवलेल्या चित्रफितीतला आरंभीचा जुगारघरातील प्रसंग पाहूनच आपण थांबलो.

असे का झाले असावे? मूळ मालिकेचा प्राण तिच्या मौनात होता. अंतराळात भटकणारी ही चार माणसे एका यानात राहतात, परंतु आपले दुःख एकमेकांना सांगत नाहीत. नायकाचा भूतकाळ, त्याची हरवलेली प्रेयसी, त्याचा वैरी या गोष्टी ओझरत्या दिसतात आणि न सांगितल्यामुळेच मनात रेंगाळतात. नव्या मालिकेने ही पोकळी भरून काढायचे ठरवले. वैरी आणि प्रेयसी यांना भागामागून भाग दिले, पात्रांना भरपूर बोलते केले. जेथे थांबायचे, तेथे कथा थांबली नाही. सामान सगळे जागच्या जागी आहे, पण घरात राहणारे माणूस निघून गेले आहे, असा तो अनुभव होता.

चाहत्यांनी स्वीकारलेली रूपांतरे

चाहते सदैव नाकारतातच, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. युकितो किशिरो यांच्या चित्रकथेवरील ‘अलिटा : बॅटल एंजल’ हा चित्रपट २०१९ साली आला. त्याची पहिली झलक २०१७ च्या अखेरीस दिसली, तेव्हा नायिकेचे संगणकाने मोठे केलेले डोळे पाहून पुष्कळांना कसेसेच झाले. निर्मात्यांनी डोळे लहान केले नाहीत. उलट बुबुळे थोडी मोठी करून नजरेत जिवंतपणा आणला. जपानी रेखाटनांतील विशाल डोळे ही त्या कलेची भाषा आहे, तिची लाज वाटून घ्यायची नाही, असे त्यांनी ठरवले असावे. जेम्स कॅमेरॉन यांनी ही कथा जवळजवळ दोन दशके मनात वागवली होती. या चित्रपटाने जगभर सुमारे ४० कोटी डॉलरचे उत्पन्न मिळवले आणि पुढचा भाग व्हावा म्हणून चाहत्यांनी चिकाटीने मोहीम चालवली. एरवी तक्रारीसाठी एकत्र येणारी मंडळी येथे मागणीसाठी एकत्र आली.

त्याहून बोलके उदाहरण २०२३ सालच्या ‘वन पीस’ मालिकेचे आहे. एइचिरो ओदा यांचे समाधान होईपर्यंत मालिका प्रदर्शित करायची नाही, हे नेटफ्लिक्सने मान्य केले होते. चित्रीकरण संपल्यावरही ओदांना न पटलेले अनेक प्रसंग पुन्हा चित्रित झाले. पण मला अधिक भावली ती त्यांनी सांगितलेली उलट बाजूची हकिकत. पटकथेतील काही वाक्ये नायक लुफीच्या तोंडी शोभत नाहीत, असे त्यांना वाचताना वाटले होते. मेक्सिकोचा तरुण नट इन्याकी गोदॉय ती बोलला, तेव्हा मात्र त्यांना ती पटली. निर्माता आपल्या निर्मितीविषयी एवढा जागरूक असतो आणि तरीही दुसऱ्याच्या हातून ती नव्याने शिकायला तयार असतो. रूपांतराचे मर्म या दोन गोष्टींच्या मधोमध कुठेतरी आहे.

लुफी मेक्सिकन असल्याबद्दल चाहत्यांनी ओरड केली नाही, हेही लक्षणीय आहे. आपली पात्रे प्रत्यक्षात असती तर कोणत्या देशांची असती, या वाचकांच्या प्रश्नाला ओदांनी पूर्वीच उत्तर दिले होते आणि त्यात लुफीला ब्राझीलचा म्हटले होते. ‘घोस्ट इन द शेल’च्या वेळी रागावलेले चाहते चेहऱ्याचा रंग मोजत बसले होते, हा आरोप येथे टिकत नाही. निवडीमागे मूळ कृतीचा विचार आहे, की बाजाराचा, एवढेच ते पाहत होते.

रोषाचीही मर्यादा

चाहत्यांची बाजू येथवर मांडल्यावर त्यांच्या दोषांविषयी मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘डेथ नोट’मधील गुप्तहेराचे काम लाकीथ स्टॅनफील्ड या कृष्णवर्णीय नटाने केले म्हणून काहींनी नाके मुरडली; वास्तविक त्या चित्रपटात पाहण्यासारखे जे थोडके आहे, त्यात त्याची अस्वस्थ देहबोली आहे. ‘काउबॉय बीबॉप’मधील नायिकेचे कपडे चित्रातल्याइतके तोकडे नाहीत, ही तर तक्रारच लज्जास्पद होती. अशा वेळी प्रेम मालकीहक्कात बदलते. जो नट वर्षभर कष्ट करून एक भूमिका उभी करतो, त्याच्यावर वाटेल तशी चिखलफेक करण्याचा अधिकार कुणालाही कितीही खंड वाचल्याने प्राप्त होत नाही.

शिवाय पहिला निवाडा नेहमीच अखेरचा नसतो. तात्सुओ योशिदा यांच्या १९६७ सालच्या मालिकेवरून वाचोव्स्कींनी २००८ साली ‘स्पीड रेसर’ काढला, तेव्हा तो साफ कोसळला. त्यातील भडक रंग आणि धावती दृश्ये पाहून लोकांना भोवळ आल्यासारखे झाले. परंतु रेखाटनांचा वेग व रंग यांनाच पडद्याची भाषा करण्याचा तो धीट प्रयत्न होता, आणि त्याच्या केंद्रस्थानी पैशापुढे न वाकणारे एक प्रेमळ कुटुंब होते. पुढील वर्षांत त्याच चित्रपटाकडे रसिक आदराने वळले. रागाच्या भरात आपण एखादे चांगले दान परत तर करत नाही ना, हे चाहत्याने स्वतःला विचारावयास हवे.

एवढे सांगून झाल्यावरही माझा कल चाहत्यांकडेच राहतो. त्यांच्या ओरडण्यातला गदारोळ बाजूला काढला, तर खाली एक साधी अपेक्षा उरते: आम्हांला ज्या प्रश्नाने अस्वस्थ केले, तो प्रश्न नाहीसा करू नका. नाव बदला, गाव बदला, चेहराही विचारपूर्वक बदला. परंतु तेवढा प्रश्न राहू द्या. वाङ्मयाच्या अभ्यासकालाही रूपांतराची याहून निराळी कसोटी सांगता येईल, असे मला वाटत नाही.

‘वन पीस’ आली, तेव्हा माझी मुलगी नोकरीला लागली होती. सुट्टीत घरी आली असता तिने मला शेजारी बसवले. सातव्या भागाच्या शेवटी, आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेली नामी रडत लुफीकडे मदत मागते आणि तो एक शब्द न बोलता आपली जिवापाड जपलेली गवती टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो. मूळ चित्रकथेत हा प्रसंग असाच आहे. मी हळूच बाजूला पाहिले. मुलीचे डोळे भरले होते.

“तोच आहे का गं?” मी विचारले.

“अगदी तोच नाही, पप्पा,” ती म्हणाली. “पण टोपी बरोबर ठेवली त्याने.”

या वेळी पडदा शेवटपर्यंत चालू राहिला.